ऑथेल्लोला ‘राव’ लावल्यावर

इंग्रजी नाटक मराठीत आणायचं म्हटलं की आपल्याकडचा वाद ठरलेला. एक पक्ष म्हणतो, मूळ संहितेला हात लावाल तर खबरदार. दुसरा म्हणतो, आपल्या मातीत रुजवा, नाहीतर पहिल्या अंकातच प्रेक्षक चुळबुळ करायला लागतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत उतरवला. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं झाली, भांडण चालूच आहे. आणि गंमत अशी की दोन्ही पक्ष बोलतात ते भाषा, नावं, पोशाख आणि पद्याचं गद्य करायचं की नाही, एवढ्याच गोष्टींबद्दल.

मला हा सगळा वाद दुय्यम वाटतो. मोठं नाटक एखाद्या समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून उभं राहिलेलं असतं. ते दुसऱ्या देशात न्यायचं तर तिथली तशीच दुखरी जागा हुडकावी लागते. मराठी रंगभूमीने इंग्रजी नाटकांची नावं बदलली, गावं बदलली, पात्रांना पगड्या चढवल्या, त्यांच्या तोंडी उत्तम भाषा घातली. हे एक काम मात्र तिने बहुतेक वेळा टाळलं.

‘ऑथेल्लो’च घ्या. व्हेनिसच्या सिनेटला सायप्रस वाचवायला ऑथेल्लो हवा आहे. तुर्कांचं आरमार निघालंय, मध्यरात्री सभा भरलीय, सेनापतीला बोलावणं गेलंय. त्याच रात्री त्याच सभेत ब्रॅबान्शिओ फिर्याद घेऊन येतो की या मूराने, आफ्रिकेकडच्या या काळ्या परक्याने, चेटूक करून माझी मुलगी डेस्डेमोना पळवली. हा ब्रॅबान्शिओ कोण, तर ज्याने स्वतःच ऑथेल्लोला वरचेवर घरी बोलावून लढायांच्या हकिगती ऐकल्या तो. म्हणजे शौर्य चालतं, ओसरीवरच्या गप्पा चालतात, जावई चालत नाही. राज्याला या माणसाची तलवार हवी आणि घराला त्याची सावलीही नको, ही नाटकाची खरी मेख. ऑथेल्लोच्या हाताखालच्या कपटी इयागोचं विष चढतं ते इथेच. जिने तुझ्यासाठी जन्मदात्या बापाला फसवलं ती तुला का नाही फसवणार? आपल्या देशाचा, आपल्या रंगाचा, आपल्या बरोबरीचा नवरा सोडून ती तुझ्याकडे आली, यातच काही विपरीत नाही का? ऑथेल्लोला हे पटतं, कारण तू या घरातला नाहीस हे त्याला आयुष्यभर न बोलता सांगितलं गेलंय.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये याचा ‘झुंझारराव’ केला. डेस्डेमोनाची कमळजा झाली, इयागोचा जाधवराव. देवलांच्या कारागिरीबद्दल वाद नाही. नटाच्या तोंडात बसेल असं वाक्य कसं लिहावं हे त्यांच्याकडून शिकावं. पण नावाला ‘राव’ लागला की माणूस आतला होतो. त्याला सावळा ठेवा, कुरूप ठेवा, त्याने फारसं काही अडत नाही. विठ्ठलही सावळाच आहे. रंगावरून आपल्याकडे नाकं मुरडली जातात, कोयते निघतात ते जातीवरून. ती जागा झाकली गेली की नाटकात उरतो एक शूर पण संशयी नवरा, एक दुष्ट मित्र आणि एक रुमाल. रंगभूमीच्या आठवणीत ‘झुंझारराव’ राहिला तो तसाच: संशयाने घर कसं जळतं याची गोष्ट म्हणून. व्हेनिसने या माणसाचं काय केलं, हा प्रश्न मराठीत येता येता वाटेत कुठेतरी सांडला.

मराठी मुलखात ऑथेल्लो नव्हता असं थोडंच आहे? कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांची संख्या मोठी होती. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत महार शिपायांची नावं ठळकपणे दिसतात. सुभेदारपदापर्यंत पोचलेली माणसं त्या सैन्यात होती, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्यांतलेच. आणि ज्या १८९० च्या दशकात ‘झुंझारराव’ रंगभूमीवर आला त्याच दशकात लष्कराने महारांची भरती बंद केली. तलवार हवी होती तोवर घेतली, मग दार लावलं. अशा सुभेदाराने एखाद्या कारकुनाच्या मुलीशी लग्न केलं असतं तर पुण्यातल्या वाड्यात जी सभा भरली असती, तीच व्हेनिसची सभा.

कुणी म्हणेल, १८९० मध्ये देवलांनी हे करायचं म्हणजे नाटक मंडळीने गाशा गुंडाळायचा. मान्य. त्यांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. पण हे त्या काळात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. १९०३ मध्ये जपानात कावाकामी ओतोजिरोने ‘ऑथेल्लो’ केला. त्याने व्हेनिसच्या जागी टोकियो घेतलं आणि सायप्रसच्या जागी तैवान, जे जपानने १८९५ मध्ये नुकतंच गिळलं होतं. त्याचा नायक वाशिरो हा सेनानी. आणि तो बहिष्कृत समाजातून आलेला आहे अशी त्याच्याबद्दल कुजबुज. जपानने कायद्याने त्या समाजाला बरोबरीचं म्हणून जाहीर केलं होतं, व्यवहारात शिवाशिव चालूच होती. कावाकामीचं नाटक काही पुरोगामी वगैरे नव्हतं. साम्राज्याचा अभिमान त्यात ओतप्रोत भरलेला होता. तरीही आपल्या देशातला मूर कोण, हे त्याला अचूक कळलं होतं. आपल्याकडे तेच काम झालं ते शंभर वर्षांनी आणि हिंदी सिनेमात. २००६ च्या ‘ओंकारा’मध्ये नायक अर्धा ब्राह्मण आहे, आणि ते अर्धेपण सगळ्या चित्रपटभर त्याच्या मानेवर बसलेलं आहे.

‘हॅम्लेट’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. आगरकरांनी त्याचं ‘विकारविलसित’ केलं, १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. काम सुरू झालं ते आदल्या वर्षी डोंगरीच्या तुरुंगात, जिथे ते आणि टिळक कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस होते. पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांनी हा चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, असा गाजवला की कित्येक मराठी माणसांच्या लेखी हॅम्लेट म्हणजे गणपतराव.

आता हॅम्लेटचं दुःख काय? बाप जाऊन दोन महिने व्हायच्या आत आईने, गर्ट्रूडने, चुलत्याशी लग्न केलं. इंग्लंडच्या प्रेक्षकाला यातलं बोचायचं ते नातं. मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न हा तिथे धर्माने आणि कायद्याने अगम्यागमनाचा गुन्हा होता. तो कायदा बदलायला १९२१ साल उजाडलं. आठव्या हेन्रीने पहिल्या राणीला सोडलं ते हेच कारण पुढे करून, आणि त्याच्या दुसऱ्या राणीची मुलगी एलिझाबेथ, तिचा गादीवरचा हक्कच तसलं लग्न रद्दबातल ठरण्यावर टेकलेला. म्हणजे हॅम्लेट जेव्हा आईच्या त्या शय्येबद्दल किळसेने बोलतो तेव्हा लंडनच्या पिटात उभ्या असलेल्या माणसाला त्यात राज्याचं राजकारण ऐकू येत असणार.

तेच शब्द पुण्यात आले की गुन्हाच बदलतो. इथल्या वरच्या जातींत चुलत्याशी की परक्याशी हा प्रश्न फार पुढचा. विधवेने लग्न केलं हाच बॉम्ब. १८५६ चा कायदा झाला होता, पण पुनर्विवाह करणारी माणसं वाळीत पडत होती. उलट शेतकरी-कारागीर जातींत पाट लावण्याची रीत जुनीच, काही समाजांत दिराशीही. त्यामुळे एकाच नाट्यगृहात बसलेल्या दोन माणसांना गर्ट्रूडचा अपराध दोन तऱ्हांनी दिसणार: एकाला महापाप, दुसऱ्याला घाई. आणि रूपांतर करणारा कोण? पुढे ‘सुधारक’ काढून विधवांच्या बाजूने लिहिणारा माणूस. त्याच्याच लेखणीतून विधवेच्या पुनर्विवाहावर आग ओकणारा नायक उतरतो आणि टाळ्या घेतो! या विसंगतीत एक जबरदस्त नाटक दडलेलं होतं. चंद्रसेनाची किळस ही न्यायाची चाड आहे की सोवळेपणा आहे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला असता. प्रयोगाच्या परंपरेने तो उभा केला नाही. तिने गणपतरावांचा आवाज जपला, स्वगतं जपली, वेडाचा अभिनय जपला.

‘त्राटिका’चं तर काय सांगावं. वासुदेव बाळकृष्ण केळकर, फर्ग्युसनमधले इंग्रजीचे प्राध्यापक, यांनी नवरा भांडखोर बायकोला वठणीवर आणतो त्या शेक्सपिअरच्या सुखात्मिकेचं हे रूपांतर केलं. गणपतराव जोशी प्रतापराव, बाळाभाऊ जोग त्राटिका. लोक हसून हसून लोटपोट. थोडीच वर्षं आधी रखमाबाईचा खटला होऊन गेला होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं एका मुलीने मुंबईच्या हायकोर्टात सांगितलं होतं, १८८७ मध्ये कोर्टाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं बजावलं होतं, आणि तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. ‘केसरी’ तिच्यावर तुटून पडला होता. लगेच १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा, त्यावरून पुन्हा रण. अशा दशकात बायकोला उपाशी ठेवून सरळ करणारा नवरा रंगमंचावर हशा पिकवतो, हे काही निव्वळ करमणुकीचं कलम नव्हतं. इथे दुखरी जागा सापडली होती, पण बोट ठेवलं गेलं ते दुखवणाऱ्याच्या बाजूने.

याच देवलांनी एक नाटक मात्र असं केलं की रूपांतर कसं करावं याचा धडाच व्हावा, आणि ते शोकांतिका नसून प्रहसन आहे. ‘फाल्गुनराव’ १८९३ चं. त्याचंच पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. मूळ नाटक आर्थर मर्फीचं, आणि मर्फीने ते घेतलं मोलिएरकडून. (शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे कोणत्या मुळाशी प्रामाणिक राहायचं ते मला सांगावं.) भर रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते पाहते, रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते, आता फाल्गुनराव ते पाहतो. ही सगळी यंत्रणा आयात केलेली आहे. पण मर्फीची नायिका भल्या घरची मुलगी आहे, आणि देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. एवढ्या एका बदलाने नाटकाचं वजन पालटतं. अश्विनशेठला रेवतीबद्दल येणारा संशय आता नुसता प्रियकराचा संशय राहत नाही. अशा घरची मुलगी एकनिष्ठ असेल का, ही अख्ख्या समाजाची कुत्सित शंका त्याच्या तोंडून बोलते. आणि नाटक तिला खोटं पाडतं, लग्न लावून देतं. विनोदाच्या आडून देवलांनी मुलीच्या जन्माला हात घातला. ‘शारदा’ लिहिणारा माणूस होता तो, जागा त्याला कळत होत्या. शोकांतिकेत मात्र मोठ्या लेखकाच्या दबदब्याने हात आखडला असावा असं मला वाटतं. मर्फीचा दबदबा कुणाला वाटणार?

आता ‘नटसम्राट’बद्दल बोलायला हवं, आणि इथे वाचक माझ्यावर चिडतील.

शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये केला होता आणि ‘ऑथेल्लो’ही मराठीत आणला होता. ‘नटसम्राट’ १९७० चं, ‘किंग लिअर’ पचवून लिहिलेलं. राजाचा नट झाला, राज्याचं घर आणि पुंजी झाली. हा झटका प्रतिभेचाच. मराठी मध्यमवर्गाकडे राज्य नव्हतं, पण नाटक होतं. आणि नटाचं साम्राज्य पडदा पडला की संपतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बेलवलकर लिअरच्या गोष्टीत हॅम्लेटचं स्वगत म्हणतो आणि ते जराही उपरं वाटत नाही, कारण आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचीच वाक्यं जगलेली आहेत. डॉ. लागूंनी तो उभा केला तेव्हा मराठी रंगभूमीचा सगळा इतिहास त्या एका देहात येऊन बसला.

पण हिशेब पाहा. लिअरला राणी नाही. बेलवलकरला कावेरी मिळाली. लिअरला तीन मुली. इथे एक मुलगा, एक मुलगी. धाकटी, कॉर्डेलिया, गेली. आणि कॉर्डेलिया गेली म्हणजे एक पात्र कमी झालं एवढंच नाही. लिअर पहिल्याच प्रवेशात प्रेमाचा लिलाव मांडतो: कोण माझ्यावर किती प्रेम करतं ते बोला, त्या मापाने जमीन घ्या. धाकटी नकार देते, तो तिला हाकलून देतो. पुढचं सगळं त्याचं स्वतःचं करणं आहे, आणि ते त्याला लवकरच कळतं. तिच्यावर अन्याय केला हे तो स्वतःशी पुटपुटतो. वादळात उभा राहिल्यावर त्याला आणखी काही कळतं. अंगावर धड वस्त्र नसलेली माणसं अशा रात्री काय करत असतील, याकडे राजा असताना आपण लक्षच दिलं नाही. बापाचा गुन्हा आणि राजाचा गुन्हा, दोन्हींची कबुली त्या नाटकात आहे.

बेलवलकर भोळा आहे, भावनाशील आहे, थोडा आढ्यताखोर आहे. गुन्हेगार नाही. त्याने विश्वासाने दिलं, मुलं कृतघ्न निघाली, लेकीच्या घरी चोरीचा आळ आला, घर मागत एक तुफान रस्त्यावर आलं. प्रेक्षागृहातले आईबाप रडले, कारण त्यांना स्वतःकडे पाहावं लागलं नाही. मुलं रडली, कारण चार दिवस त्यांनी आईबापांना फोन करायचं ठरवलं. बूटपॉलिशवाला राजा त्याला आसरा देतो तिथे लिअरच्या वादळाची एक झुळूक येते खरी, पण ती सुद्धा बेलवलकरच्या मोठेपणाकडेच वळते. ‘नटसम्राट’ मला अतिशय आवडतं. तरीही ते लिअरच्या जखमेवर उभं नाही. ते तिच्यावर फुंकर घालतं, आणि आपल्याला तेच हवं होतं. विंदांनी १९७४ मध्ये ‘राजा लिअर’चा जो भाषांतराचा पराक्रम केला त्यात तो अपराधी म्हातारा जसाच्या तसा आहे. मराठी माणसाला लिअर म्हटलं की आठवतो तो गणपतराव बेलवलकर. यातच काय ते आलं.

‘ती फुलराणी’बद्दल थोडक्यात. पु. लं.नी १९७५ मध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ला जे मराठी अंग दिलं ते भाषेच्या कानाचं अजब काम आहे, आणि भक्ती बर्वेंनी त्या मंजुळेला जे दिलं त्याबद्दल नव्याने काय लिहावं. शॉच्या लंडनमध्ये उच्चारावरून वर्ग कळतो. आपल्याकडे ‘ण’च्या जागी ‘न’ आला की समोरचा मनातल्या मनात जात मोजतो, आणि ‘शुद्ध’ या शब्दाला व्याकरणाच्या आधी सोवळ्याचा वास येतो. प्राध्यापक जहागीरदारांच्या प्रयोगशाळेत मंजुळा ‘शुद्ध’ होत असताना मुंबईत दलित पँथर स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ येऊनही तेवढीच. त्या कवितेने शुद्ध मराठीचे कपडे भर चौकात उतरवले होते. नाट्यगृहात त्याचा आवाज पोचला नाही. बाहेर पडताना लोक म्हणत होते, काय गोड बोलते हो ती!

मग संहितेशी इमान राखणाऱ्यांचं काय? त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ मध्ये नाना जोगांच्या संहितेवरून ‘हॅम्लेट’ केलं, सुमीत राघवनने ते पेललं, आणि परकं नाटक परकं म्हणून पाहायला मराठी प्रेक्षक तिकीट काढतो हे दिसलं. तरुण पिढीला मूळ आकार दिसला, हेही थोडं नाही. माझी अडचण एवढीच की अशा प्रयोगात डेन्मार्कचं कुजणं डेन्मार्कातच राहतं. किल्ला भव्य, वेश परका, सिंहासन परकं, आपण सुरक्षित.

संहिता राखूनही घरात शिरता येतं. जपानी दिग्दर्शक निनागावाने १९८० मध्ये ‘मॅकबेथ’ केला तेव्हा पात्रांची नावं मॅकबेथ आणि बँकोच होती, संवाद भाषांतराचेच होते. पण सगळा रंगमंच त्याने बुत्सुदानाच्या आकाराचा केला. बुत्सुदान म्हणजे जपानी घरात गेलेल्या पूर्वजांसाठी असतो तो देव्हारा. दोन म्हाताऱ्या त्याची दारं उघडतात आणि आतून सामुराईंचं रक्त बाहेर येतं. प्रेक्षक ज्या देव्हाऱ्यापुढे घरी हात जोडतो त्यातूनच खुनी निघतात. म्हणजे ते त्याचेच आजे-पणजे. नाव न बदलता त्याने जागा बदलली. आपण नेमकं उलटं करत आलो.

एक आक्षेप हल्ली जोरात असतो: हवाच कशाला शेक्सपिअर? साहेब गेला, त्याची नाटकं कशाला उगाळायची? आमच्याकडे तमाशा आहे, दशावतार आहे, स्वतःची नाटकं आहेत. हे सगळं आहेच. पण परक्या गोष्टीचा एक उपयोग असतो जो स्वतःच्या गोष्टीचा नसतो, आणि तो उपयोग खुद्द शेक्सपिअरला नीट ठाऊक होता. त्याच्या काळी प्रत्येक संहिता ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ या अधिकाऱ्याच्या हाताखालून जायची. सर टॉमस मूरवरच्या एका नाटकाचं हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली काही पानं शेक्सपिअरच्या हातची आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. लंडनच्या लोकांनी परदेशी कारागिरांवर उठवलेला दंगा हा त्यातला विषय. अधिकारी टिल्नीने समासात बजावलं आहे, दंगा पूर्ण काढून टाका. म्हणजे लंडनमधला परका रंगमंचावर चालला नाही. व्हेनिसमधला परका चालला, इतका की १६०४ मध्ये तो राजापुढे व्हाइटहॉलला खेळला गेला. कथा त्याला तिकडच्याच मिळाल्या होत्या हे खरं. पण घरचं बोलायला दूरचं गाव सोयीचं पडतं, हेही तितकंच खरं.

ही युक्ती मराठी रंगभूमीला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचकाच्या जागी कर्झन बसला होता हे पिटातल्या शेवटच्या माणसाला कळत होतं, सरकारलाही कळलं आणि १९१० मध्ये बंदी आली. विराटाच्या दरबाराआडून साहेबाला जोडे मारायचे हे आपण लीलया केलं. व्हेनिसच्या सिनेटआडून स्वतःला आरसा दाखवायचा, हे जमलं नाही. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून जाळले. ज्यांना लुटारू म्हणून झोडपलं ते सावकार बहुतेक परप्रांतातून आलेले, म्हणजे शोषक आणि उपरे दोन्ही. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला ज्यू सावकार शायलॉक, त्याचा रोखा आणि त्याचं एकटेपण मांडायला याहून चांगली बाजारपेठ जगात शोधून मिळाली नसती.

२०१२ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांत बोलावली. आपल्या शेजारपाजारचे सगळे होते: हिंदी, गुजराती, बंगाली, उर्दू. गुजरातीने राजदरबाराच्या जागी व्यापाऱ्याची पेढी आणली आणि मुंबईच्या भांगवाडीतल्या जुन्या गुजराती नाटकांचा बाज चढवला. यादीत मराठी नव्हती. त्यावर आपल्याकडे व्हावी तेवढी हळहळही झाली नाही. निवडीमागे शंभर कारणं असतील, मी त्यात शिरत नाही. पण समजा बोलावणं आलं असतं, तर आपण नेलं काय असतं? बहुधा फेटे.

मला मराठीत एक लिअर पाहायचा आहे, आणि तो फारसा खर्चिक नाही. शहर वाढत वाढत ज्याच्या बांधापर्यंत आलं आणि जमिनीला सोन्याचा भाव आला असा म्हातारा. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलाइतकाच, हे त्याला ठाऊक आहे आणि ते त्याच्या घशाखाली उतरलेलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सगळं घर जमलंय. बापावर, भावावर आणि माहेरावर किती माया आहे ते सांगायचं आणि हक्कसोडपत्रावर सही करायची, हा आपल्याकडचा प्रेमाचा लिलाव. मोठ्या दोघी मायेचं भरभरून बोलतात, सही करतात, साडीचोळी घेतात. धाकटी म्हणते, बाबा, तुमच्यावर माया आहे तेवढी आहे, कमी नाही जास्त नाही. सही मी करणार नाही. तिला उभ्या गावाने कृतघ्न म्हणायचं. म्हाताऱ्याने तिचं तोंड पाहणार नाही असं म्हणायचं आणि उरलेलं सगळं बक्षीसपत्राने लेकाच्या नावावर करायचं.

दुसऱ्या अंकापासून कायदाही नाटकात पात्र होऊन येईल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तेविसावं कलम आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अर्ज जातो प्रांतासमोर. म्हणजे लिअरचं वादळ प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात, तारखा पडत असताना. साहेब विचारणार, बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहिली होती का? म्हातारा म्हणणार, लेकाशी कुठे अट लिहितात का साहेब? मग साहेब विचारणार, आणखी अपत्यं किती. दोघींच्या हक्कसोडीच्या प्रती फाइलला असतील. तिसरी व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभी असेल. तिला कुणी बोलावलेलं नाही, आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येक भावाला ती कुठे उभी आहे ते दिसत असेल.